टॅलेंट : गुण की ठेव?

गेल्या वर्षी एका धर्मग्रामाच्या सणानिमित्त भरलेल्या मुलांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला. मंडपाच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत ‘टॅलेंट संध्या’ असे लिहिले होते. गायन झाले, नृत्य झाले, एका चिमुरड्याने कीबोर्डवर दोन गाणी वाजविली. आम्ही गुण मांडले, बेरजा केल्या आणि चषक वाटले. नंतर चहाच्या टेबलापाशी एक ओळखीच्या बाई भेटल्या. त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी तेथेच रिकाम्या कपबश्या गोळा करीत होती. ‘हिने का नाही भाग घेतला?’ असे मी सहज विचारले. मुलीच्या देखतच बाई हसून म्हणाल्या, ‘सर, हिच्यात कुठलं आलंय टॅलेंट! धाकट्यात आहे. ही आपली अशीच.’ मुलगी काही बोलली नाही. कपबश्यांचा ट्रे उचलून ती आत गेली.

त्या बाईंना दोष देण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. त्या जे बोलल्या ते आपण सारेच बोलतो. व्यासपीठावरून बोलतो, वर्गात बोलतो, आणि सांगण्यास संकोच वाटतो, पण कधी कधी वेदीजवळूनही बोलतो. माझे भांडण त्या शब्दाशी आहे. त्याहून अधिक, तो शब्द ज्यांच्या पदरी विश्वासाने टाकला गेला त्या आपणा ख्रिस्ती लोकांशी आहे. ‘टॅलेंट’ हा आज जगभर बोलला जाणारा इंग्रजी शब्द ज्या अर्थाने वापरला जातो, तो अर्थ त्याला मिळाला संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायामुळे. प्रभू येशूच्या एका दाखल्यातून उचललेला हा शब्द आपण त्याच दाखल्याच्या विरुद्ध साक्ष देण्यासाठी उभा केला आहे. हा आरोप कठोर वाटेल. म्हणून तो शब्दाच्या जन्मापासून सिद्ध करण्याची परवानगी वाचकांनी द्यावी.

‘तालान्तोन’ हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा पहिला अर्थ तराजू. होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यात देवाधिदेव झ्यूस सोन्याचा तराजू उचलून धरतो आणि एका पारड्यात अकिलीसचे, दुसऱ्यात हेक्टरचे मरण ठेवतो. हेक्टरचे पारडे खाली जाते. त्या तराजूला होमरने हाच शब्द वापरला आहे. उचलणे, पेलणे, भार सोसणे अशा अर्थाच्या ज्या अतिप्राचीन धातूपासून हा शब्द निघाला, त्याच धातूपासून आपली संस्कृत ‘तुला’ निघाली असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मग तोलणे, तोल, तोळा, समतोल, अतुल, राशिचक्रातली तूळ, इतकेच काय रायगडावर १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी झालेली शिवछत्रपतींची सुवर्णतुला, ही सगळी टॅलेंटची दूरची भावकी ठरते. इंग्रजी शाळेत न जाताही आपली आजी सोनाराकडे तोळ्याची भाषा बोलत होती, तेव्हा ती टॅलेंटच्या घरातलाच शब्द बोलत होती म्हणायचे!

तराजूवरून शब्द वजनावर आला आणि वजनावरून पैशावर. अथेन्सच्या मापाने एक तालान्तोन म्हणजे सुमारे २६ किलो. जुन्या करारात निर्गम ग्रंथात निवासमंडपाचा दीपवृक्ष एवढ्याच नावाच्या वजनाच्या शुद्ध सोन्याचा घडविण्याची आज्ञा आहे. तेथला हिब्रू शब्द ‘किक्कार’ असून ग्रीक भाषांतरकारांनी त्याच्या जागी ‘तालान्तोन’ घातला. येशूच्या काळात चांदीचा एक तालान्तोन म्हणजे हिशेबाने ६,००० दिनार. आणि एक दिनार म्हणजे काय, ते त्याच मत्तयने विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सांगून ठेवले आहे: मजुराची एका दिवसाची रोजी. म्हणजे एक टॅलेंट ही ६,००० दिवसांची मजुरी झाली. आठवड्याचे सहा दिवस काम धरले तर एक हजार आठवडे, एकोणीस वर्षांहून अधिक. आज मजुराची रोजी सहाशे रुपये धरा. छत्तीस लाख होतात.

या आकड्यापाशी मी वाचकांना जरा थांबवू इच्छितो. पाच, दोन आणि एक अशी वाटणी ऐकली की आपल्या मनात लगेच श्रीमंत, मध्यम आणि गरीब अशी उतरंड उभी राहते आणि तिसऱ्या दासाची कीव येते. बिचाऱ्याला एकच मिळाला! अहो, त्या ‘बिचाऱ्या’च्या हाती एका मजुराच्या अर्ध्या आयुष्याची कमाई एकरकमी पडली होती. २६ किलो चांदी पुरायची तर खड्डाही बेताचा खणून भागत नाही. धन्याने ज्याला आळशी म्हटले त्याने त्या दिवशी निदान कुदळ तरी चालविली असली पाहिजे. त्या गोष्टीत थोडे मिळालेला कोणीही नाही. रिकाम्या हाताने उभा असलेला तर नाहीच नाही. ‘हिच्यात टॅलेंट नाही’ हे वाक्य त्या दाखल्याच्या भाषेत उच्चारताच येत नाही, कारण टॅलेंट नसलेला दास प्रभूने त्या गोष्टीत घातलेलाच नाही.

आता पंधराव्या वचनाकडे वळू. माझ्या मते सगळा वाद तेथेच मिटतो. धन्याने कोणाला किती दिले? ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे. मूळ ग्रीकमध्ये योग्यतेसाठी ‘दुनामिस’ असा स्वतंत्र शब्द आहे. सामर्थ्य, कुवत असा त्याचा अर्थ. म्हणजे कुवत अगोदरच दासांपाशी होती आणि ती पाहून टॅलेंट दिले गेले. दोन शब्द, दोन वस्तू. कुवत दासाची, टॅलेंट धन्याचे. जो शब्द कुवतीहून वेगळा म्हणून वापरला गेला, त्यालाच आपण कुवतीचा पर्याय करून टाकले. त्यापुढे जाऊन पाहा. चौदाव्या वचनात धन्याने दासांच्या हाती सोपविली ती स्वतःची मालमत्ता, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि पंचविसाव्या वचनात तिसरा दास, ज्याला आपण दर तीन वर्षांनी प्रवचनात झोडपतो तो, काय म्हणतो? हे घ्या तुमचे तुम्हाला, अशा अर्थाचे बोलतो. टॅलेंट आपले नाही एवढे त्यालासुद्धा ठाऊक होते. आपल्या ‘टॅलेंटेड’ मंडळींना आणि त्यांच्या पालकांना तेवढेही ठाऊक नाही.

मराठीत हा दाखला वाचताना डोळ्यांपुढे पैसा येतो आणि तेच योग्य आहे. इंग्रजीत वाचताना गुण येतात. ही उलथापालथ झाली कशी? तिचा इतिहास रंजक आहे, आणि माझ्या दृष्टीने थोडा दुःखद.

लॅटिनमध्ये ‘तालेन्तुम’ झालेला हा शब्द मध्ययुगात फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश भाषांत शिरला तेव्हा त्याला ओढा, इच्छा, मनाची प्रवृत्ती असा अर्थ आला. पारडे ज्या बाजूला झुकते तो कल. मराठीतही ‘कल’ शब्द तराजूला आणि मनाला सारखाच लागतो, तेव्हा हे आपल्याला समजावे लागत नाही. इंग्रजीतही चौदाव्या शतकात टॅलेंट म्हणजे इच्छा, कधी वासना. पुढल्या शतकात दाखल्यावरील प्रवचनांच्या प्रभावाने ‘देवाने सोपविलेली, वापरण्यासाठी दिलेली शक्ती’ असा अर्थ रुळला. इथवर तक्रार नव्हती. ‘सोपविलेली’ हे विशेषण अजून शाबूत होते. डॉ. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशात हा अर्थ देताना, हे रूपक पवित्र शास्त्रातून उसने घेतले आहे अशी नोंद केली. उसने घेतलेले, हे लक्षात असावे म्हणून!

ते लक्षातून गेले. ‘टॅलेंटेड’ हे विशेषण बोकाळले तेव्हा कवी कोलरिज भडकला. १८३२ मधील त्याचे संभाषण त्याच्या पुतण्याने नोंदवून ठेवले आहे. हा शब्द रानटी आहे, असे तो म्हणाला. टॅलेंटेड चालत असेल तर शिलिंगेड आणि फार्दिंगेड का नको, असा त्याचा सवाल. मराठीत सांगायचे तर ‘हा मुलगा फार रुपयावलेला आहे’ असे म्हणण्यासारखे. कोलरिजचा राग व्याकरणाचा होता, पण नकळत त्याने नेमके मर्म धरले. दुसऱ्याची रक्कम हाती असलेल्या माणसाला आपण ‘रकमेचा’ म्हणत नाही. बँकेतल्या रोखपालाच्या पेटीत दिवसभर लाखो रुपये असतात. म्हणून त्याला कोणी लखपती म्हणते काय?

याच्या पुढची पायरी अधिक काळोखी आहे. १८६५ साली फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज विद्वानाने एका मासिकात ‘आनुवंशिक टॅलेंट आणि स्वभाव’ या आशयाच्या मथळ्याचा लेख लिहिला. नामवंतांच्या घरी नामवंत निपजतात, तेव्हा टॅलेंट हे रक्तातून उतरते, असा त्याचा सिद्धांत. श्रीमंत घरच्या मुलाला शिक्षण, ओळखी आणि फुरसत या तिन्ही गोष्टी जन्मतःच मिळतात, ही बाब त्याने फारशी मनावर घेतली नाही. चार वर्षांनी त्याने त्यावर ग्रंथ लिहिला आणि १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला ‘युजेनिक्स’ हे नाव दिले. त्या विचाराच्या पोटी पुढे ‘अयोग्य’ ठरविलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करणारे कायदे आले. त्यांतला पहिला १९०७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. पोप अकरावे पायस यांनी १९३० च्या ‘कास्ती कोन्नुबिई’ या विश्वपत्रात अशा कायद्यांचा निषेध केला. पाहा, शब्द कुठून कुठे गेला! धन्याने विश्वासाने दिलेली ठेव आता रक्ताची जहागीर झाली. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचे पाप ज्या देशाने शतकानुशतके भोगले, त्या देशातील आपण तरी ‘जन्मजात टॅलेंट’ हा जोडशब्द जिभेवर येताना अडखळायला हवे होते.

अडखळलो नाही. उलट तो शब्द बाजारात जसा आला तसा घरी आणला. १९९७ पासून अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञ ‘टॅलेंटसाठी युद्ध’ अशी भाषा बोलू लागले. माणसे मिळविण्यासाठी कंपन्यांची चढाओढ, एवढाच तिचा अर्थ. दूरचित्रवाणीवर परीक्षकांच्या खुर्च्या आल्या, घंटा वाजू लागली, हरलेल्या लेकरांचे अश्रू जवळून दाखविले जाऊ लागले. शिष्यवृत्तीसाठी १९६३ साली सुरू झालेल्या ‘टॅलेंट सर्च’ परीक्षेला मराठीत ‘प्रज्ञाशोध’ असे भारदस्त नाव मिळाले. नाव सुंदर आहे, परंतु प्रज्ञा ही ज्याची त्याची. तिच्यात धनी कुठेच उरला नाही. शहरांतल्या शिकवणीवर्गांनी मग त्या प्रज्ञेचेही दर ठरविले.

‘ज्याच्याजवळ आहे त्याला दिले जाईल’ या आशयाचे या दाखल्यातील एकोणतिसावे वचन घेऊन रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये ‘मॅथ्यू इफेक्ट’ अशी संज्ञा केली. ज्या वैज्ञानिकाचे नाव आधीच मोठे, त्यालाच नव्या शोधाचे श्रेयही अधिक मिळते, असे त्याने दाखवून दिले. आपल्या स्पर्धांत वेगळे काय चालते? ज्याच्या घरी कीबोर्ड आहे, ज्याला नृत्याच्या वर्गाला पाठविण्याची ऐपत आहे, तोच चषक नेतो आणि पुढल्या वर्षी त्यालाच अगोदर बोलावणे जाते. मत्तयच्या नावावर हा अन्याय खपविला जातो हे मात्र संतापजनक आहे. कारण मत्तयच्या दाखल्यात धनी चषक वाटीत नाही, हिशेब घेतो. पाच कमावणाऱ्याला आणि दोन कमावणाऱ्याला तो शब्दन् शब्द तेच बोलतो. प्रथम क्रमांक नाही, द्वितीय नाही. आम्हा परीक्षकांची त्या अंगणात काही गरजच नव्हती.

कोणी म्हणतील, तुम्ही शब्दाचा कीस पाडता आहात; मुलांना स्टेज मिळते, धीर येतो, ते काय वाईट? मुळीच वाईट नाही. आमच्या लहानपणी सणाच्या नाटकात दोन वाक्ये बोलायला मिळाली म्हणून माझ्यासारखा भित्रा मुलगा पुढे चार लोकांत उभा राहू शकला. गावे, नाचावे, आनंद करावा. त्याला ‘मुलांचा मेळा’ म्हणावे. माझी हरकत गाण्याला नाही, कमानीवरच्या शब्दाला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ख्रिस्तसभेनेच हा शब्द गुणांच्या अर्थाने वापरलेला नाही काय? वापरला आहे. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण-ग्रंथाच्या १९३६ व्या परिच्छेदात टॅलेंट सर्वांना समान वाटलेले नाहीत असे म्हटले आहे. परंतु लगेच पुढला परिच्छेद वाचावा: हा फरक देवाच्या योजनेत आहे, तो अशासाठी की प्रत्येकाला आपली गरज दुसऱ्याकडून भागवून घ्यावी लागावी. म्हणजे वाटणीचा हेतू देवघेव, क्रमवारी नव्हे. याहून जुना साक्षीदार हवा असेल तर महान संत ग्रेगरी आहेत. ५९० ते ६०४ या काळात पोपपद भूषविणाऱ्या या संताने या दाखल्यावर दिलेल्या प्रवचनात टॅलेंटची जी यादी केली, ती वाचून मी थक्क झालो. कोणाला समज मिळाली, ते टॅलेंट. कोणाला संपत्ती मिळाली, ते टॅलेंट. कोणाला पोटापुरता एखादा धंदा येतो, तेही टॅलेंट. आणि ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही, पण एखाद्या धनवानाशी ओळख आहे, त्याची ती ओळखच टॅलेंट. ती त्याने गरिबांसाठी रदबदली करण्यात खर्चावी, नाहीतर पुरून ठेवल्याचा जाब द्यावा लागेल. गाणे, नाच, वक्तृत्व यांचा त्या यादीत उल्लेखही नाही!

डॉ. जॉन्सनचा उल्लेख वर आला. त्यांच्या लंडनच्या घरी रॉबर्ट लेव्हेट नावाचा एक अबोल, ओबडधोबड माणूस अनेक वर्षे राहत होता. वैद्यकीची पदवी नाही, रूप नाही, बोलण्यात चातुर्य नाही. रोज मैलोन्मैल पायपीट करून तो लंडनच्या गोरगरिबांवर औषधोपचार करी आणि ते देतील ते घेई. कधी नुसता मद्याचा पेला. १७८२ साली तो वारला तेव्हा इंग्लंडमधल्या त्या सर्वांत मोठ्या पंडिताने त्याच्यावर शोककविता लिहिली आणि या माणसाने आपले एकुलते एक टॅलेंट नीट वापरले, अशी साक्ष देवापुढे दिली. स्वतःला पाच टॅलेंट मिळाले असूनही आपण ती वाया घालविली, ही धास्ती जॉन्सनला आयुष्यभर छळत होती. शब्दकोश रचणाऱ्याला त्या शब्दाचा खरा अर्थ आपल्याच घरात राहणाऱ्या या माणसापाशी सापडला.

आणि शेवटी पंचविसावा अध्याय सलग वाचावा, एवढीच माझी विनंती आहे. आपण तो तुकड्यातुकड्यांनी ऐकतो. टॅलेंटचा दाखला संपतो आणि पुढच्याच वचनापासून अखेरचा न्याय सुरू होतो: भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. धन्याने घेतलेला हिशेब कशाचा होता, त्याचे उत्तर मत्तयने लगेच खाली लिहून ठेवले आहे. हा दाखला ‘अ’ वर्षाच्या सामान्य काळातील तेहतिसाव्या रविवारी वाचला जातो, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून जागतिक गरीब दिन पाळण्यासाठी तोच रविवार नेमला. पहिल्याच वर्षी हे शुभवर्तमान आले. त्या दिवशीच्या प्रवचनात पोप महाशयांनी बोट ठेवले ते न केलेल्या चांगुलपणावर, गरिबांविषयीच्या बेफिकिरीवर. तिसऱ्या दासाने चोरी केली नव्हती, उधळपट्टी केली नव्हती. पैसा जमिनीत पुरणे हा सांभाळण्याचा खात्रीचा मार्ग, असे यहुदी धर्मपंडितांच्या तालमूदमध्येही सांगितले आहे. त्याने जे सुरक्षित तेच केले.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. सणाच्या कमानीवरून हा शब्द उतरवावा. तो लावायचाच असेल तर पालक मंडळाच्या वार्षिक सभेच्या खोलीत लावावा आणि तेथे संत ग्रेगरींची यादी एकदा मोठ्याने वाचावी. आपल्यापैकी कोणाची सरकारी कचेरीत ओळख आहे? कोणाचा मुलगा रुग्णालयात डॉक्टर आहे? कोण निवृत्त शिक्षक आहे आणि संध्याकाळी मोकळा असतो? कोणाची गाडी आठवडाभर दारात उभी असते? ज्या विधवेचे वारसाचे कागद दोन-दोन वर्षे अडून राहतात, ज्या म्हाताऱ्याला डायलिसिसला नेणारे कोणी नसते, त्यांची नावे प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहेत. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवाव्यात.

त्या संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या अहवालात मी आयोजकांना एवढेच लिहून दिले होते की चहापानानंतर दीडशे कपबश्या विसळणाऱ्या मुलीचे नाव गुणपत्रिकेवर नाही, ते घालावे. अहवाल छापला गेला तेव्हा ते वाक्य गाळलेले होते. यंदाच्या सणासाठी परीक्षक म्हणून पुन्हा बोलावणे आले आहे. मी जाणार आहे, पण चहाच्या टेबलापाशी बसणार आहे.